सात वर्षं न धुतलेली काच

मित्रांनो, मला हातात घ्यायचं असेल तर कडेने धरा. मधोमध बोट लावलंत तर ठसा उमटेल, आणि माझ्या अंगावर आधीच डाग कमी नाहीत. मी एक जुनी काच आहे. पोस्टकार्डाहून जराशी लहान, एका अंगाला पातळ लेप दिलेली. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी आम्ही बसत असू. तुम्ही मला या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी पाहता आणि विचारता, या राखाडी काचेवर कुणी रेघोट्या मारल्या? त्या रेघोट्या एका धूमकेतूच्या चुऱ्याने मारल्या आहेत. मारल्या १९६६ साली आणि दिसल्या १९७४ साली. मधला सगळा काळ मी एका काळ्या डब्यात कोंडलेली होते.

माझा जन्म कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण तो अंधारात झाला. आम्ही बारा बहिणी एका डब्यात भरून सुरतेला आलो, चौटा बाजारातल्या छगनभाईंच्या फोटो स्टुडिओत. आमच्या जातीचं दैव मोठं चमत्कारिक. आयुष्यात आम्हाला एकदाच डोळा उघडायला मिळतो, तोही क्षणभर. त्या क्षणात समोर जे येईल ते आमच्या अंगात शिरतं, पण दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात धुतल्यावरच ते वर येतं. त्याआधी उजेड लागला की संपलं. माझ्या काही बहिणींच्या वाट्याला नवरानवरी आली, एकीच्या वाट्याला कापडाच्या दलालाचं तिरकं नाक आलं.

स्टुडिओत प्लेटी, म्हणजे आम्हा काचा, धुण्याचं काम धुडकूकाकांकडे होतं. नंदुरबारकडचा हा माणूस पन्नाशीला आला होता आणि त्याचं अर्धं आयुष्य लाल दिव्याखाली गेलं होतं. लाल रंग आम्हाला दिसत नाही, म्हणून त्या दिव्याची आम्हाला भीती नसते. पिवळाही जेमतेमच दिसतो. हिरवा, निळा, जांभळा मात्र झटकन लागतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता अरुणाविषयी सांगते. अरुणा नानपुऱ्यात राहायची आणि मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. वडील प्रभाकरराव पोस्टात होते. आई उषाबाई. भावंडं नव्हती. १९६५ सालची दिवाळी उलटली आणि पहाटेच्या आकाशात लांब शेपटीचा धूमकेतू दिसू लागला. प्रभाकरराव हौसेने बायकोला आणि मुलीला उठवून गच्चीवर घेऊन गेले. पान लावता लावता म्हणाले, "बघून घ्या, पुन्हा असा दिसायचा नाही." आठव्या दिवशी ते पोस्टातून घरी आले, छातीत दुखतंय म्हणून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

उषाबाईंच्या मनाने त्या दोन गोष्टींची गाठ मारली ती मारलीच. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या याच खिडकीला त्यांनी आतून खिळा ठोकला. गच्चीचा जिना त्या पुन्हा चढल्या नाहीत. "शेंडेनक्षत्र होतं ते. त्याच्या पोटात काळ भरलेला असतो," असं म्हणायच्या. नवऱ्याची चुन्याची डबी तेवढी त्यांनी देवाशेजारच्या फळीवर ठेवली होती आणि रोज पुसायच्या. खिडकी बंद, दिवसासुद्धा दिवा लावलेला, आणि त्या उजेडात चाळिशीतली बाई तांदूळ निवडत बसलेली. अरुणाला ते बघवत नसे.

ती पुस्तकं धुंडाळू लागली. धूमकेतू म्हणजे बर्फात कालवलेली धूळ, सूर्याजवळ आला की बर्फ उडून जातो आणि धुळीचा चुरा त्याच्या वाटेवर सांडत जातो, हे तिने वाचलं. दरवर्षी नोव्हेंबरात आपली पृथ्वी अशा एका धूमकेतूची वाट ओलांडते. तो तेहेतीस वर्षांनी एकदा येणारा धूमकेतू, आमच्या गोष्टीतला नव्हे. त्याच्या चुऱ्यातले कण आपल्या हवेत शिरून जळतात, त्या उल्का. आणि जळणारी वस्तू आपली जात लपवू शकत नाही. प्रत्येक पदार्थाच्या उजेडात ठरावीक रंग असतात. लोलकातून तो उजेड नेला की रंग आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि जागेवरून पदार्थ ओळखता येतो. म्हणजे धूमकेतूला हात न लावता त्याच्या पोटात काय आहे ते कळतं. निदान त्यातल्या धुळीत काय आहे ते तरी. बर्फ बिचारा वाटेतच संपलेला असतो.

हे कळल्यावर ती स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. शाळेचा लोलक, छगनभाईंचा जुना कॅमेरा आणि धुडकूकाकांचे हात, असा तिने संसार जमवला. आधी रेघा ओळखता याव्यात म्हणून एक प्लेट केली. ओळखीच्या एका सिनेमा ऑपरेटरने यंत्रातल्या कार्बनच्या ज्योतीत एकेक चिमूट टाकू दिली: लोहाराकडचा लोखंडाचा कीस, छगनभाईंकडची फ्लॅशची मॅग्नेशियमची पूड आणि चुना. पत्र्याच्या फटीतून तो उजेड लोलकात गेला आणि कोणाची रेघ कुठे पडते ते माझ्या एका बहिणीवर उमटलं. चुना तिने घरातून आणला होता, वडिलांच्या डबीतला. आईला विचारलं नव्हतं.

मग १९६६ ची ती सतरा नोव्हेंबरची पहाट आली. कार्तिक चालू होता. काकड आरतीला जाते असं आईला सांगून अरुणा निघाली आणि शाळेच्या गच्चीवर आली. खोटं बोलल्याचं तिला इतकं लागलं होतं की वर येताना तिने खरंच एक काकडा म्हटला. शाळेच्या आवारातच राहणारा शिपाई भिकन फाटक उघडून बसला होता. धुडकूकाका कांबळ्याखाली हात घालून अंधारात प्लेटी बदलत होते. पहिल्या तीन बहिणी गेल्या. चौथी मी.

झाकण सरकलं आणि मी डोळा उघडला. मित्रांनो, काय सांगू! तारे होते. नुसते तारे. मी बघत राहिले. मग सिंह राशीकडून एक उल्का आली आणि शेजारच्या घरांची कौलं दिसावीत इतका उजेड पडला. लोलकातून ती माझ्यावर उतरली ती एक रेघ होऊन नव्हे, अनेक रेघा होऊन, शेजारी शेजारी. अरुणा ओरडली. धुडकूकाकांनी खाडकन झाकण सरकवलं. "ताई, घावनी!" ते म्हणाले, म्हणजे सापडली. माझा जगण्याचा काळ तेवढाच. मी आत सगळं धरून ठेवलं आणि आता औषधात कधी पडते याची वाट पाहू लागले.

पण त्या दिवशी स्टुडिओतलं औषध जुनं निघालं. आधीच्या तिन्ही बहिणी धुताना काळवंडल्या. मला धुवायचा अरुणाला धीर होईना. तिने एका मोठ्या वेधशाळेतल्या विद्वानांना पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, टाइप केलेलं, खाली सही. "प्लेट बाजारच्या औषधात धुऊ नये. डबा उघडू नये. आमचा माणूस सुरतेस येईल तेव्हा घेऊन जाईल."

झालं! आपल्याकडे मोठ्या माणसाचं पत्र म्हणजे पत्र. मुख्याध्यापकांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. मला काळ्या कागदात गुंडाळून दोन झाकणांच्या डब्यात घातलं, वर तांबड्या शाईत "उघडू नका" अशी चिठ्ठी डकवली आणि डबा प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. गंमत बघा, त्या कागदाला भिंतीवर, उजेडात, काच मिळाली. आणि मला, काचेला, कपाट.

सुरुवातीला मला काही वाटलं नाही. माणूस आज येईल, उद्या येईल. फाटकाची कडी वाजली की मी सावध व्हायची. अरुणा दर शनिवारी कपाटाला हात लावून जायची. कुलपाशी तिच्या बांगड्या वाजायच्या. तिने आणखी तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं, कामाचा व्याप फार आहे. मग तेही थांबलं. पावसाळ्यात कपाट फुगायचं, उन्हाळ्यात आतून तापायचं. अंधाराला वास असतो हे मला तिथे कळलं. कापूर, झुरळं आणि जुना रबर. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की माझ्या आतलं चित्र दर उन्हाळ्यात थोडं थोडं विटत होतं. मला ते जाणवत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला. पाणी प्रयोगशाळेत शिरलं तेव्हा भिकनने आधी आपली वळकटी वर नेली, मग शाळेची घंटा, मग मला. छातीभर पाण्यातून मला डोक्यावर घेऊन तो जिना चढला. मी त्याची जन्माची ऋणी आहे. ओलीने माझ्या लेपावर बुरशीचे ठिपके आले, ते आजही आहेत; पण मी राहिले.

मात्र त्या दिवसापासून माझा देव झाला. भिकनच्या मते ज्या डब्याला तापीमाय शिवली नाही त्यात साधी काच असणं शक्य नव्हतं. खंडेनवमीला शाळेत सगळ्या उपकरणांची पूजा होई. तराजू, लोहचुंबक, शिवणवर्गाचं मशीन. त्यात मी पहिल्या मानाची. डब्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, समोर पेढा. परीक्षेला जाताना मुलं कपाटाला नमस्कार करून जायची. कुणाच्या मनात माझं वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण ज्याची पूजा होते त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला काय हवं. मला बाहेर यायचं होतं.

१९६९ च्या खंडेनवमीला तर जीवावरच बेतलं. भिकनला वाटलं, सगळ्यांना कुंकू लागलं, आतला देव तसाच राहिला. त्याने भर दुपारी डब्याचं वरचं झाकण काढलं आणि आतलं उचकटायला घेतलं.

"भिकनदादा, हात काढ! आधी हात काढ!" अरुणा दारातून किंचाळली.

"बाई, नुसतं कुंकू लावायचं होतं. वर्षाचा सण आहे," तो बापडा घाबरून म्हणाला.

झाकण धाडकन बसलं. पण तेवढ्या वेळात उन्हाची एक चीर काळ्या कागदाच्या घडीतून आत आली आणि माझा एक कोपरा भाजून निघाला. तो बघा, उजवीकडे वर, काळा ठिक्कर. अरुणा त्या दिवशी कपाटाला टेकून रडली. भिकनवर रागावली नाही. त्यानंतर डब्याला सुतळीच्या गाठी बसल्या आणि वर्षावर्षाला झाकणावर हळदीचा थर चढत गेला.

असं करता करता १९७३ चा हिवाळा आला. पेपरांत येऊ लागलं की एक प्रचंड धूमकेतू येतो आहे, जानेवारीत संध्याकाळी दिसेल. शेजारच्या मालतीबाईंनी हौसेने ती बातमी उषाबाईंना वाचून दाखवली. पुढचं मी नंतर या घरात आल्यावर ऐकलं. उषाबाईंनी बातमी ऐकली, उठल्या आणि दाराला आतून कडी लावली. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर अरुणाला उंबरा ओलांडायची बंदी झाली. त्या स्वतः दाराशी पाट टाकून बसायच्या. पहिल्याने नवरा नेला, हा मुलगी नेणार, एवढंच त्यांच्या डोक्यात. पुढे जेवणही सुटलं. सकाळ-संध्याकाळ कपभर चहा. डॉक्टरांना काही सापडेना. पौष लागेपर्यंत त्यांच्या हातातलं पाण्याचं भांडं थरथरू लागलं.

अरुणाने समजावलं, चित्रं काढून दाखवली. उषाबाई शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकं काय, कुणीही लिहितं. तू पाहिलंयस का गं त्याच्या पोटात काय असतं ते?"

अरुणाने चित्रं गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "पाहिलं नाही, आई. पण माझ्या कपाटात आहे."

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. छगनभाई काउंटरवर फिल्मचे रोल मांडत होते. "हवे प्लेट कोण वापरे छे, अरुणाबेन? रोलचा जमाना आवी गयो," ते हळहळले. अंधाऱ्या खोलीत आता सामान भरलं होतं. धुडकूकाका औषधांच्या बाटल्या खोक्यात बांधत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"संक्रांत व्हयनी का मी गावले जासू, ताई," ते म्हणाले. "मोजून एका प्लेटचं औषध उरलंय." मग खोक्याला गाठ मारत, "काच बी म्हातारी व्हस. आते नही, त मंग कव्हय?" आता नाही, तर मग कधी?

अरुणा तिथून सरळ मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "वेधशाळेचा माणूस आला तर मी काय दाखवू?"

"सर, सात वर्षं झाली. तो माणूस येणार नाही. तिकडे कुणाला आठवतही नसेल." ती फ्रेमच्या आड येऊन उभी राहिली. "माझी आई जेवत नाहीये."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भिकन दारातच उभा होता. त्याने कमरेची किल्ली सोडली आणि परवानगी येण्याआधीच कपाटाकडे चालू लागला. मुख्याध्यापकांनी त्याला अडवलं नाही. डब्यावरची हळद त्याने धोतराच्या सोग्याने पुसली आणि मला अरुणाच्या हातात दिलं. "बाई, बोलतं करा याला आता. लई वर्षं मुका बसलाय."

उषाबाईंना तिथवर न्यायचं कसं, हा खरा प्रश्न होता. त्यांना बाहेर काढणारी युक्ती धुडकूकाकांनीच सांगितली. आमच्या खोलीला एकही खिडकी नाही, आभाळ दिसायचंच नाही, असं आईला सांगा. उषाबाईंनी खात्री करून घेतली, दोनदा विचारलं. मग भर दुपारी, पदर डोळ्यांवर ओढून, टांग्यात बसून त्या स्टुडिओत आल्या. सुरतेत त्यांना जावंसं वाटलं असं ते एकच ठिकाण.

दार लागलं. लाल दिवा लागला. सुतळी सुटली, झाकणं निघाली, कागद उलगडला. किती वर्षांनी मला माणसाच्या हाताची ऊब लागली! कागदाची सवय झालेल्या अंगाला ती सहन होईना. धुडकूकाकांनी मला ट्रेमध्ये सोडलं. औषध गार होतं. मी घाबरले होते, मित्रांनो. सात वर्षं मी जे धरून बसले होते ते अजून माझ्यात आहे का, हे मलाच ठाऊक नव्हतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. भाजलेला कोपरा काळा झाला, बुरशीचे ठिपके वर आले, बाकी नुसतं धुकं. अरुणाने डोळे मिटून घेतले.

धुडकूकाका ट्रे हलवत राहिले. अधू डोळे पाण्याला टेकवून ते पुटपुटले, "देखा. ताई, देखा. रेघा उन्यात!"

आल्या होत्या. फिक्या, पण आल्या होत्या. एकीशेजारी एक, उभ्या. माझ्या आतून काही उसळून बाहेर आलं आणि मी मोकळी झाले.

चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यात टाकून, पाण्याने धुऊन त्यांनी मला उजेडाच्या पेटीवर ठेवलं. अरुणाने आपल्या पिशवीतून कार्बनच्या ज्योतीसमोर बसलेली ती जुनी बहीण काढली आणि माझ्याखाली लावली. "आई, हे बघ. ही वरची म्हणजे आकाशातून पडलेली, धूमकेतूच्या चुऱ्यातली. ही खालची आपल्याकडची. ही रेघांची दाट झाडी आहे ना, ती लोखंडाची. दोन्हीकडे सारखी. आपला तवा असतो ते लोखंड. ही मॅग्नेशियमची, छगनभाई फ्लॅशला जाळायचे ती पूड. मिठाचा पिवळाही असणार, पण या काचेला पिवळं धड दिसत नाही. आणि या कडेच्या दोन, जोडीने उभ्या..."

"त्या कशाच्या?"

"चुन्याच्या. खालच्या दोन बाबांच्या डबीतल्या चुन्याच्या आहेत. मी तुला न विचारता चिमूटभर घेतला होता. वरच्याही तिथेच आल्यात बघ."

उषाबाईंनी वाकून पाहिलं. वरच्या दोन रेघा, खालच्या दोन रेघा. त्यांनी बोट माझ्यावर ठेवलं, अगदी मधोमध, आणि मी ओली असल्यामुळे त्याचा ठसा उमटला. तोही आहे अजून, बघा. तो ठसा मी कुणाला पुसू देत नाही.

"यांच्या डबीतला," त्या म्हणाल्या. "म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं काळ म्हटलं..." बराच वेळ त्या रडल्या, आणि धुडकूकाका भिंतीकडे तोंड करून रिकाम्या बाटल्या लावत राहिले. मग पदराने नाक पुसून उषाबाई म्हणाल्या, "अरू, भूक लागली गं मला."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धुडकूकाका गावाला गेले. त्याच संध्याकाळी उषाबाई आठ वर्षांनी गच्चीचा जिना चढल्या, लेकीच्या खांद्याला धरून. पश्चिमेला, सूर्य गेला तिथून थोडं वर, अरुणाने बोट दाखवलं. पेपरांनी एवढा गाजवलेला धूमकेतू बोटभर पुसट धुरासारखा दिसत होता. उषाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "एवढासाच?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा हिरमुसलेला होता.

खिडकीचा खिळा भिकनने येऊन उपटला. गंजून तो लाकडात इतका रुतला होता की पक्कड दोनदा निसटली. तेव्हापासून मी इथे उभी आहे. सकाळचं ऊन माझ्यातून आत येतं आणि माझ्या रेघांची सावली समोरच्या फळीवर, त्या डबीवर पडते. ज्या उन्हाला मी जन्मभर भ्यायले ते आता माझं काही बिघडवत नाही. नवं काही मला आता दिसणार नाही, आमचा डोळा एकदाच उघडतो. जे पाहिलं ते मात्र तुम्हाला दाखवू शकते.

मित्रांनो, तुमच्याही घरात, तुमच्याही शाळेत असा एखादा डबा असेल. कुणा मोठ्या माणसाने "उघडू नका" म्हणून सांगितलेला, हळदकुंकू लावून जपलेला. जरूर जपा. पण तुमचा धुडकूकाका गावाला जायच्या आत तो उघडा.